या हाताचं त्या हाताला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या मराठीनं डाव्या हाताला फारसा न्याय दिलेला नाही. दोन गोष्टींतली एक सरस ठरली की ती 'उजवी' ठरते. कुणाला बाजूला सारायचं असेल तर त्याला आपण 'डावलतो', आणि हा शब्द डाव्यावरूनच आलेला आहे. पंगतीत वाढताना भेदभाव केला तर 'डावं-उजवं' केलं. देवळात प्रसादासाठी डावा हात पुढे आला की शेजारून चापटी ठरलेली. कौतुकानं डाव्याचं नाव घेणारा वाक्प्रचार मला एकच आठवतो. एखादं काम अगदी सोपं असलं की आपण म्हणतो, 'हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ!' ज्यानं कुणी हा वाक्प्रचार रूढ केला, त्यानं पन्नाशीनंतर डग्ग्यावर हात ठेवून पाहिलेला नसावा.

मी तबला शिकवतो. संध्याकाळच्या वर्गाला शाळकरी मुलं येतात, तशी अलीकडे मोठी माणसंही येतात. कुणी निवृत्त झालेले, कुणाची मुलं परदेशी गेलेली, तर कुणाला लहानपणी शिकायचं होतं आणि राहून गेलेलं. या मंडळींची उजव्या हाताबद्दल तक्रार नसते. बोट कुठे ठेवायचं, चाटेवर 'ना' कसा काढायचा, हे ते महिन्याभरात बऱ्यापैकी करतात. मग डग्गा समोर येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'सर, माझा डावा हात फार कमजोर आहे हो.' आज या वाक्याबद्दलच बोलायचं आहे. श्रोत्यांमध्ये जे डावखुरे असतील, आणि दहा माणसांत साधारण एक असतोच, त्यांनी माझं बोलणं आरशात पाहिल्यासारखं उलटं करून घ्यावं.

पहिली गोष्ट अशी की तो हात कमजोर नसतो. याच हातानं आपण बाजारातून भरलेली पिशवी आणतो, लेकराला कडेवर घेतो. सुईत दोरा ओवताना सुई कुठल्या हातात असते? डाव्या. ती सुई किती स्थिर धरावी लागते याचा आपण कधी विचारच करत नाही, कारण सगळं श्रेय दोरा घालणाऱ्या हाताला जातं. ईव्ह गियार या फ्रेंच मानसशास्त्रज्ञानं १९८७ साली या गोष्टीकडे लक्ष वेधलं. पत्र लिहिणाऱ्याच्या कागदाखाली कार्बन ठेवून पाहिलं, तर पानभर लिहिलेला मजकूर खाली टेबलावरच्या कागदावर एका छोट्या पट्ट्यात दाटीवाटीनं उमटलेला दिसला. याचा अर्थ, लिहिणारा हात जवळजवळ एकाच जागी हलत होता आणि कागद सरकवून नवी जागा समोर आणून देण्याचं काम डावा हात करत होता. आधी डाव्यानं जागा मांडायची आणि मग उजव्यानं काम करायचं, अशी ही वाटणी आहे.

तेव्हा डावा हात आयुष्यभर बसून राहिलेला नाही. त्यानं धरण्याची, स्थिर ठेवण्याची, पुढची जागा तयार करून देण्याची नोकरी इमानेइतबारे केलेली आहे. आपण अचानक त्याला सांगतो की आता तू स्वतः वाजव, वेळेवर वाजव, आणि शेजारचा काय करतो आहे तिकडे बघू नकोस. वेगळ्या खात्यात बदली झालेल्या माणसासारखी त्याची स्थिती होते. यात अपमान वाटण्यासारखं काही नाही, पण मोठ्या माणसांना वाटतो. मुलाला आपण नवशिके आहोत याचं काहीच वाटत नाही, कारण ते सगळ्याच गोष्टींत नवशिकं असतं.

आता दुसरी गोष्ट. दान करावं तर या हाताचं त्या हाताला कळू नये, असं आपल्याकडे म्हणतात. दानाचं ठाऊक नाही, पण शरीरात ही गोष्ट भलतीच अवघड आहे. डाव्या हाताचा कारभार मेंदूचा उजवा अर्धा भाग पाहतो आणि उजव्या हाताचा डावा. या दोन अर्ध्या भागांना जोडणारा सुमारे २० कोटी तंतूंचा एक जाड पट्टा मध्ये आहे. इकडची बातमी तिकडे जायला वेळ लागत नाही. एक साधा प्रयोग आत्ताच करून बघा. दोन्ही हातांच्या तर्जनी समोर धरा आणि दोन्ही एकाच दिशेला हलवा. दोन्ही उजवीकडे, दोन्ही डावीकडे, मोटारीच्या काचेवरच्या वायपरसारख्या. हळूहळू वेग वाढवा. एका वेगानंतर तुमची परवानगी न घेताच बोटं एकमेकांकडे आणि एकमेकांपासून दूर, अशी आरशातल्यासारखी हलायला लागतील. स्कॉट केल्सो या शास्त्रज्ञानं १९८० च्या सुमारास हा प्रयोग नीट मोजमाप करून मांडला. वेग वाढला की दोन हात एकमेकांची नक्कल करायला लागतात, आणि ही ओढ आपणा सर्वांतच असते.

तबल्याला नेमकं याच्या उलट हवं असतं. केरवा घ्या. आठ मात्रा, धा गे ना ति, न क धि न. यात उजव्याला एक, तीन, चार, पाच, सात, आठ या मात्रांवर काम आहे. डाव्याला एक, दोन, सहा आणि सातवर. म्हणजे पहिल्या आणि सातव्या मात्रेला दोघे एकत्र, दुसरीला आणि सहावीला डावा एकटा, बाकी चार ठिकाणी उजवा एकटा. त्यातही डाव्याचा 'गे' खुला, घुमणारा, आणि 'क' बंद, सपाट पंजाचा. लग्नाच्या वरातीपासून भावगीतापर्यंत जो ठेका आपण मान डोलावत ऐकतो, त्यात एवढा हिशेब असतो. नवशिका तिसऱ्या मात्रेला उजव्यानं 'ना' वाजवतो आणि डावाही सोबत हळूच पडतो. त्याला ते ऐकूसुद्धा येत नाही. मी सांगतो, 'डावा वाजला.' तो म्हणतो, 'नाही सर.' खरं म्हणजे तो खोटं बोलत नसतो.

यावरून एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती या सगळ्या बोलण्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते. डाव्या हाताला वाजवायला शिकवणं तितकंसं अवघड नाही. अवघड आहे ते त्याला गप्प बसायला शिकवणं. तीनतालाचा ठेका बघा. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. नवव्या मात्रेच्या 'धा'नंतर दहाव्या मात्रेला 'तिं' येतो आणि डग्गा थांबतो. दहा, अकरा, बारा, तेरा या चार मात्रा उजवा एकटा चालतो. चौदाव्या मात्रेला 'धिं'वर डावा परत येतो. गाणाऱ्याला खाली कळते ती डग्ग्याच्या या मौनामुळे. माझ्याकडच्या मोठ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक जण पहिल्या आठ मात्रा झोकात वाजवतात आणि दहावीला घसरतात. डावा हात सवयीनं पडतोच. तो पडू नये म्हणून ते खांदा आवळतात, दात आवळतात, श्वास धरतात, आणि मग चौदावीला तो वेळेवर येत नाही. ताकद कमी म्हणून हे होत नाही. उलट ताकद नको तिथे लागलेली असते.

एक गृहस्थ आहेत, बँकेत आयुष्यभर नोटा मोजून निवृत्त झालेले. डाव्या हातात गड्डी आणि उजव्या हातानं मोजणी, अशी तीसएक वर्षं. त्यांच्या डाव्या हाताची पकड अशी की डग्गा जरा सरकणार नाही. पण त्यातून 'गे' निघता निघेना. सोबत आठ वर्षांची नात शिकायला यायची. दोन महिन्यांत तिचा केरवा सुटा झाला. एक दिवस ती त्यांना सगळ्यांसमोर म्हणाली, 'आजोबा, तुमचा डावा हात नुसता बसून राहतो.' वर्ग हसला, तेही हसले, आणि पुढचा आठवडाभर आले नाहीत. मी फोन केला तेव्हा म्हणाले, 'सर, या वयात आता मेंदू काय वळणार? नातीला आणून सोडत जाईन, पुरे.'

हा प्रश्न त्यांचा एकट्याचा नाही. मोठेपणी मेंदू वळतो का? थोडं खरं आणि थोडं दिलासा देणारं असं उत्तर आहे. १९९५ साली शास्त्रज्ञांनी व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं वाजवणाऱ्यांचे मेंदू तपासले. त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांना मेंदूत इतरांपेक्षा मोठी जागा मिळालेली दिसली, आणि ज्यांनी लहानपणी सुरुवात केली त्यांच्यात ती अधिक मोठी होती. नातीला आजोबांपेक्षा लवकर येतं ते उगीच नव्हे. पण दुसरी बाजूही आहे. २००४ साली जर्मनीत तरुण माणसांना तीन चेंडू दोन हातांनी झेलत राहण्याचा खेळ तीन महिने शिकवला. त्यांच्या मेंदूच्या काही भागांत वाढ झालेली दिसली. सराव बंद केल्यावर तीन महिन्यांत ती ओसरली. पुढे २००८ मध्ये तोच प्रयोग साठीच्या घरातल्या लोकांवर झाला. तरुणांच्या मानानं फार थोड्यांना तो खेळ नीट साधला, पण मेंदूतला बदल त्यांच्यातही दिसला. म्हणजे मोठेपणी दार बंद होत नाही, जड होतं. आणि ढकलणं थांबवलं की परत लोटलं जातं.

शिवाय मोठ्या माणसाकडे एक भांडवल असतं, ते त्याला ठाऊक नसतं. डाव्या हातानं आपली सही करून बघा. अक्षर वाकडं येईल, शिरोरेषा लटपटेल. उजवा हात शिरोरेषा अंगापासून बाहेरच्या बाजूला नेतो, डाव्याला तीच अंगाच्या दिशेनं आत ढकलत आणावी लागते, म्हणून ती जास्त अडते. पण नीट पाहिलं तर सही तुमचीच असते. तोच फराटा, तेच वळण. हात नवा असला तरी आराखडा डोक्यात तयार आहे. एडवर्ड स्क्रिप्चर यांनी अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १८९४ साली दाखवलं होतं की एका हाताला अचूकतेचा किंवा ताकदीचा सराव दिला की न शिकवलेला दुसरा हातही काही प्रमाणात सुधारतो. या हाताचं त्या हाताला कळतं, ते असं उपयोगीही पडतं.

हंगेरीचा नेमबाज कारोय ताकाच याची हकिकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. तो सैन्यात होता. १९३८ साली हातबाँब फुटून त्याचा उजवा हात, म्हणजे नेमबाजीचाच हात, निकामी झाला. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. त्यानं डाव्या हाताने पिस्तूल धरायला सुरुवात केली. महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक झालीच नाहीत. १९४८ साली लंडनला तो डाव्या हाताने खेळला आणि रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक घेऊन गेला. १९५२ ला हेलसिंकीत पुन्हा तेच. ही गोष्ट इच्छाशक्तीची म्हणून सांगितली जाते. मला त्यात वेगळं दिसतं. श्वास केव्हा रोखायचा, नजर कुठे ठेवायची, घाई कशी टाळायची, हे त्याच्या उजव्या हातात नव्हतंच. ते त्याच्यात होतं. डाव्याला फक्त शेवटचा टप्पा शिकायचा होता. 

बँकेतल्या गृहस्थांना मी परत बोलावलं आणि दोन महिने उजवा हात मांडीवर ठेवायला सांगितला. फक्त डग्गा. तोंडानं पूर्ण बोल म्हणायचे, धा गे ना ति न क धि न, आणि हातानं त्यातला फक्त डावा वाजवायचा. याला आमच्यात पढंत म्हणतात. बोल आधी जिभेवर बसतो आणि मग हातात उतरतो. तोंड चालू राहतं, त्यामुळे गप्प मात्रा कुठे आहेत ते हाताला कळतं. मग उजवा एकटा. मग दोन्ही एकत्र, पण लय इतकी कमी की शेजारी ऐकणाऱ्याला कंटाळा यावा. आपण बोटांच्या प्रयोगात पाहिलंच की वेग वाढला की हात एकमेकांची नक्कल करतात. म्हणून वेग हा इथे शत्रू आहे. हल्ली फोनवर लयीचं यंत्र फुकट मिळतं. ते लावावं, आणि चूक न होता दहा आवर्तनं झाल्याशिवाय काटा पुढे नेऊ नये. रोज पंधरा मिनिटं. रविवारी दोन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही, कारण शिकलेलं मुरायला मध्ये रात्रीची झोप लागते. मनगटात किंवा कोपरात दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबावं. दुखणं म्हणजे प्रगती, असं तबल्यात काही नसतं.

आता थोडं विषयांतर करतो. डाव्या हातानं दात घासा, डाव्या हातानं कुलूप उघडा म्हणजे बुद्धी तल्लख होते, मेंदूचा सुप्त अर्धा भाग जागा होतो, असे सल्ले आपल्याला रोज कुणीतरी पाठवत असतं. मेंदूचा अर्धा भाग कधीच सुप्त नसतो. डाव्या हातानं दात घासल्यानं डाव्या हातानं दात घासता येतात. तेवढंही वाईट नाही. हात मोडून प्लॅस्टरमध्ये गेला तर उपयोगी पडेल. पण गरम तेल, विळी आणि स्कूटर यांच्यावर असले प्रयोग करू नयेत.

एका वेगळ्या कमजोरीबद्दलही बोललं पाहिजे, कारण ती या विषयात सर्वांत गंभीर आहे. आतापर्यंत सांगितलं ते निरोगी, पण न शिकलेल्या हाताबद्दल. जो हात काल नीट होता आणि आज अचानक लुळा वाटतो, सोबत तोंड वाकडं होतं किंवा बोलणं अडखळतं, तिथे तेल-मालीश नाही, सराव नाही, सकाळपर्यंत वाट पाहणं नाही. त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं. अर्धांगवायूत मिनिटं मोलाची असतात. त्यानंतर मागे राहिलेल्या कमजोर हाताबाबत मात्र आपण घरची माणसं प्रेमापोटी एक नुकसान करतो. रुग्ण चांगल्या हातानं सगळं उरकतो, आपण उरलेलं करून देतो, आणि कमजोर हात न वापरण्याचीच सवय लागते. एडवर्ड टाउब या अमेरिकी शास्त्रज्ञानं यावर एक कडक उपाय रुजवला. चांगल्या हातावर जाड हातमोजा चढवून दिवसातला बराच वेळ तो बंद ठेवायचा आणि कामं कमजोर हाताकडूनच करून घ्यायची. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, अर्धांगवायूला तीन ते नऊ महिने झालेल्या रुग्णांना याचा फायदा झालेला दिसला. पण यासाठी मनगटात आणि बोटांत थोडी तरी हालचाल शिल्लक असावी लागते, आणि हे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करायचं असतं. घरच्या घरी कुणाचा हात बांधून ठेवू नये.

तबल्याकडे परत येतो. डावा हात तयार करायचा म्हणजे त्याला दुसरा उजवा करायचा, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. डग्ग्याचं काम मुळातच निराळं आहे. बोटं आघात करतात, पण मनगटाजवळचा तळवा पुडीवर टेकलेला राहतो आणि शाईच्या दिशेनं किंचित दाबतो, सरकतो. त्या दाबानं स्वर चढतो, सैल केलं की उतरतो. हा दाब देणं, सांभाळणं, वेळेवर सोडणं, हे सगळं त्या जुन्या धरून ठेवण्याच्या नोकरीतलंच कौशल्य आहे. सतार वाजवणाराही मींड डाव्या हातानं ओढतो. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्यातून गेलेल्या उस्ताद झाकिर हुसेन यांची मैफल ज्यांनी ऐकली असेल, त्यांना डग्गा अक्षरशः बोलताना ऐकल्याचं आठवत असेल. ते बोलणं तळहाताच्या त्या दाबाचं होतं. आमच्या बँकवाल्या गृहस्थांचा वेग अजूनही बेताचाच आहे आणि तो फार वाढेल असं मला वाटत नाही. पण गड्डी धरलेल्या त्या हाताचा 'गे' आता असा गोल घुमतो की नात आपलं वाजवणं थांबवून ऐकते.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी तबला घ्यायला धावू नये. खुर्चीवर बसा, दोन्ही हात मांड्यांवर. तोंडानं तीनताल म्हणा, सावकाश. उजवा हात सोळाही मात्रांवर पडू द्या. डावा पहिल्या नऊ मात्रांवर, मग दहा ते तेरा नुसता टेकलेला, खांदा सैल, श्वास चालू, आणि चौदावीला परत. दहावीला डावा उचलला गेला तर थांबा आणि पुन्हा पहिल्या 'धा'पासून धरा.